पन्नास पावलांची बंदूक : बारामती-इंदापूरचा माळ, गुळगुळीत नळी आणि हरीण

बारामती तालुक्यातील सुपे हे गाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दोन कारणांनी ठाऊक असते. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले ते हे सुपे. आणि १२ मे १८७५ रोजी कर्जाने गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या वह्या-खतांची होळी केली, दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले, तेही हेच सुपे. या गावाची तिसरी ओळख मात्र पुस्तकांत फारशी येत नाही. गावालगतच्या माळावर १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर, आणि मुख्य रहिवासी चिंकारा. या हरणाचे आणि माणसाच्या बंदुकीचे नाते या माळावर कसे घडले, कोणाच्या हाती कोणती नळी आली आणि त्या नळीतून सुटलेली गोळी किती पावले सरळ जाई, याचा हा इतिहास. (थ्रेड)

आधी ‘हरीण’ या शब्दाचा उलगडा करावा लागेल. मराठी माणूस चितळाला हरीण म्हणतो, काळविटाला हरीण म्हणतो आणि चिंकाऱ्यालाही हरीणच म्हणतो. प्राणिशास्त्र तसे म्हणत नाही. सांबर-चितळांची शिंगे फांद्या फुटलेली असतात, ती गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे एकदा आली की आयुष्यभर टिकतात, ते कुरंगकुळातले. बारामती-इंदापूरच्या उघड्या माळावर सांबर-चितळांना जागा नाही. तेथे हरीण म्हणजे चिंकारा, आणि भीमेच्या खोऱ्यातील गवताळ प्रदेशात काळवीट. इंग्रज शिकारी चिंकाऱ्याला ‘रॅव्हाइन डिअर’ म्हणजे ओढ्या-घळींतले हरीण म्हणत. नाव शास्त्राला धरून नव्हते, पण स्वभावाला धरून होते. हा प्राणी दोन-चारच्या टोळीने राहतो, पाण्यावाचून बराच काळ काढतो आणि चाहूल लागली की घळीत उतरून दिसेनासा होतो.

वजन वीस-पंचवीस किलो. उंची माणसाच्या कमरेच्याही खाली. पाठीचा रंग वाळल्या गवतासारखा. उघड्या माळावर एवढ्या लहान देहावर नेम धरायचा, आणि तोही ज्या बंदुकीच्या नळीत आटे नाहीत अशा बंदुकीने! सगळी गोष्ट या एका अडचणीभोवती फिरते.

नळीतले आटे म्हणजे काय? रायफलच्या नळीच्या आतल्या भिंतीवर मळसूत्रासारखे पीळदार चर कोरलेले असतात. गोळी त्या चरांत रुतून स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. भोवरा फिरत असेतो उभा राहतो, तशी फिरणारी गोळी हवेत आपली दिशा राखते. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी मात्र नळीच्या भिंतींना ठेचकाळत येते; शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्यानुसार तिला कसलाही वेडावाकडा फेर मिळतो आणि हवेत ती त्या बाजूला वळते. चाळीस-पन्नास पावलांपर्यंत ही वळण्याची चूक सोसण्याजोगी असते. शंभर पावलांवर ती हरणाच्या देहापेक्षा मोठी होते.

तोड्याची बंदूक असो, गारेची असो की पुढे आलेली केपाची, ठासणीच्या या सर्व बंदुका बहुधा गुळगुळीत नळीच्याच होत्या. मराठ्यांच्या फौजांत, गढ्यांवर, पाटलांच्या वाड्यांत त्या होत्या. त्यांचा एक मोठा गुण असा की त्या काहीही खात. नळीत दारू ओतायची, चिंधी ठासायची, वर शिशाची एक गोळी घालायची किंवा मूठभर छर्रे. एकच बंदूक सकाळी तित्तिरांवर चाले आणि संध्याकाळी डुकरावर. रायफलला हे जमत नाही. आट्यांच्या नळीतून छर्रे झाडले तर ते फेर घेऊन इतस्ततः फेकले जातात.

बंदुकीचे ‘बोर’ मोजण्याची रीतही याच शिशाच्या गोळीवरून आली. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत चपखल बसेल ती बाराबोर. हिशेब करून पाहावा : एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची, नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. वीसबोर म्हणजे पौंडाला वीस गोळ्या, म्हणून नळी लहान. आकडा वाढला की तोंड लहान होते, हे नवख्याला नेहमीच उलटे वाटते.

१८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना आवश्यक झाला. युरोपियनांना सूट मिळाली. सुप्याच्या दंग्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. दंग्यातील कुणब्यांनी मुख्यतः कागद जाळले होते, बंदुका चालवल्या नव्हत्या. या कायद्याचे कारण सुपे होते असे म्हणणे ओढूनताणून होईल. पण परिणाम सुप्याच्या माळावरही झालाच. माळाच्या एका टोकाला साहेब, त्याच्या हाती विलायतेहून मागवलेली, मागून काडतूस भरायची दुनळी. दुसऱ्या टोकाला पाटील किंवा इनामदार, त्याच्या हाती परवान्यावरची जुनी ठासणीची. आणि बाकीच्या गावाच्या हाती गोफण. पहिल्या महायुद्धानंतर वंशावरून दिलेली सूट नियमांतून गेली, तरी परवाना कोणाला द्यायचा हे ठरवणारा हात कलेक्टर कचेरीतच राहिला.

साहेब बंदूक कशी निवडी, हे पाहण्यासारखे आहे. दख्खनमध्ये नोकरीवर येणाऱ्या तरुण अधिकाऱ्याकडे दोन शस्त्रांचे पैसे असतीलच असे नसे. एकच घ्यायचे तर बाराबोर दुनळी. कारण तिच्यावर लावे, तित्तिर, बदके, ससे सगळेच भागे, आणि हरणासाठी एकेरी गोळीचे काडतूस वापरता येई. रायफल नेमाची खरी, पण माळ सपाट. रायफलची गोळी चुकली तर मैलभर पुढे जाते, आणि या माळावर मैलभराच्या आत धनगराचा वाडा, मेंढ्यांचा कळप किंवा पाणी भरणाऱ्या बाया असणारच. गुळगुळीत नळीची जड, बोथट गोळी जमिनीला समांतर झाडली तर दोन-तीनशे मीटरच्या आत मातीत शिरते. ज्या दुबळेपणाबद्दल शिकारी कुरकुरत, त्याच दुबळेपणामुळे कित्येक गुराखी वाचले असतील.

येथे एक नवी अडचण उभी राहिली, तीही सुधारणेतून. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये ग्रीनर आदी कारागिरांनी ‘चोक’ रूढ केला. नळीचे तोंड शेवटी किंचित आवळायचे. पूर्ण चोकमध्ये हे आवळणे जेमतेम एक मिलिमीटरचे. त्यामुळे छर्रे एकत्र राहून लांबवर जातात. पक्ष्यांच्या शिकारीला हे वरदान ठरले. पण नळीभर मापाची घट्ट शिशाची गोळी या आवळलेल्या तोंडात आली म्हणजे? नळी फुगते, कधी फाटते. म्हणून हिंदुस्थानात जाणारा जाणता गिऱ्हाईक दुकानदाराला सांगे की एक नळी बिनचोकची, सरळ ठेवावी. त्याच नळीत गोळी भरायची. दुसरी आवळलेली, तिच्यात छर्रे. जिची दोन्ही तोंडे आवळलेली तिच्यासाठी गोळी मापापेक्षा लहान ओतावी लागे, म्हणजे ती चोकमधून निसटून जाई. मात्र अशी सैल गोळी नळीत आणखी ठेचकाळे आणि नेम आणखी बिघडे.

बंदूक घेतल्यावरचे दुसरे काम तिला ‘लावण्याचे’. छर्ऱ्यांच्या बंदुकीला मागचा दर्शक नसतो. तोंडाशी एक पितळी माशी, बस्स. उडत्या पक्ष्याकडे बोट दाखवावे तशी ती रोखायची असते. एका गोळीने उभे हरीण पाडायचे तर मागेही खूण हवी. नाहीतर गाल दस्त्यावर थोडा वर-खाली टेकला की गोळी वीतभर चुकते. शिवाय दुनळीच्या दोन्ही नळ्या कारागिराने छर्ऱ्यांसाठी एकमेकींकडे किंचित कललेल्या जोडलेल्या असतात. गोळीचे वजन, धक्का आणि वेग निराळे. त्यामुळे उजव्या नळीची गोळी एकीकडे आणि डावीची दुसरीकडे लागते. उपाय एकच होता, आजही तोच आहे : चाळीस-पन्नास पावलांवर कागद किंवा मडके ठेवून प्रत्येक नळीने, त्याच काडतुसाने, पाच-सहा गोळ्या झाडून पाहाव्यात. गोळ्या कोठे बसतात ते मनात धरावे आणि काडतुसाची जात बदलू नये. हे न करता माळावर जाणारा शिकारी नेमबाज असला तरी त्याच्या बंदुकीला स्वतःचा नेम ठाऊक नसे.

अंतराचे गणितही सोपे आहे. पन्नास मीटरवर नेम जुळवलेली गोल गोळी शंभर मीटरवर वीतभराहून अधिक खाली येते. चिंकाऱ्याची छाती तेवढीच खोल. म्हणजे शंभर मीटरवर काळजावर धरलेला नेम पायावर बसतो. आणि पाय मोडलेले हरीण घळीत उतरते, रात्री लांडग्याच्या किंवा तरसाच्या तोंडी पडते.

या अडचणीवर सर्वांत चतुर उत्तर शोधले ते जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी या बंगाल आर्मीतील अधिकाऱ्याने. १८६३ च्या वायव्य सरहद्दीवरील अंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. निवृत्तीनंतर तो शस्त्ररचनेकडे वळला. १८८५ साली त्याने पेटंट घेतलेली कल्पना अशी : नळी गुळगुळीतच ठेवायची, फक्त तोंडाशी, जेथे चोक असतो त्या शेवटच्या काही इंचांत, रुंद आटे पाडायचे. छर्रे भरले तर ते चोकसारखे एकत्र राहतात; गोळी भरली तर बाहेर पडता पडता तिला फेर मिळतो. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ही बंदूक बाजारात आणली आणि नाव ठेवले ‘पॅराडॉक्स’, म्हणजे विरोधाभास. एकच नळी गुळगुळीतही आणि आट्यांचीही. तिच्या बाराबोर गोळीचे वजन ७४० ग्रेन, सुमारे ४८ ग्रॅम. मागे घडीचे दर्शक. आणि नेम शंभर यार्डांपर्यंत भरवशाचा. हिंदुस्थान आणि आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांनी ती उचलून धरली. पेटंटची मुदत संपल्यावर वेस्टली रिचर्ड्ससारख्यांनी त्याच धर्तीच्या आपल्या बंदुका काढल्या. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत अशा बंदुका गेल्या. सामान्य परवानेदाराला त्यांची किंमत झेपणारी नव्हती.

बंदुकीऐवजी गोळी सुधारण्याचा मार्ग जर्मनीत निघाला. १८९८ साली विल्हेल्म ब्रेनेके याने गोल गोळी टाकून दिली. शिशाचा लहान जाड दांडा, भोवती तिरप्या कडा, आणि बुडाशी स्क्रूने घट्ट बसवलेला नमद्याचा बोळा. वजन पुढे, हलकी शेपटी मागे. गोफणीच्या दगडापेक्षा बाणाशी तिचे नाते जवळचे. तिरप्या कडांमुळे ती फिरते अशी समजूत सर्वत्र आहे, पण त्यांचे खरे काम चोकमधून जाताना चेपले जाऊन नळी वाचवण्याचे. १९३१ साली अमेरिकेत कार्ल फॉस्टरने बुडाशी पोकळ असलेली गोळी केली. तत्त्व तेच, बॅडमिंटनच्या फुलाचे. विलायती ‘लीथल बॉल’ काडतुसे हिंदुस्थानातील शिकारकथांतून वारंवार भेटतात. १८६९ पासून चालू असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यानेही पुढे बाराबोर काडतुसे काढली, आणि पुणे जिल्ह्यातल्या परवानेदाराला काडतुसासाठी मुंबईच्या विलायती मालाकडे पाहण्याची गरज उरली नाही.

इतके सगळे करूनही पल्ला पन्नास ते शंभर पावलांचा. बंदुकीची ओळख झालेले हरीण मात्र उघड्या माळावर माणसाला सहसा तेवढे जवळ येऊ देत नाही. मग मधले अंतर कापायचे कसे? दख्खनच्या शिकाऱ्यांचे जुने उत्तर होते बैलगाडी. हरणे पायी माणसाला बुजतात, पण शेतातून जाणाऱ्या गाडीला सरावलेली असतात. गाडीवान कळपाकडे सरळ न जाता मोठे वळण घेत, तिरपे तिरपे जवळ जाई. शिकारी गाडीच्या आडोशाने चाले आणि पन्नास-साठ पावलांवर मागे राही. गाडी न थांबता पुढे निघून जाई. यश मिळे ते गाडीवानाच्या संयमामुळे. छायाचित्रात मात्र शिंगे धरून साहेब उभा दिसतो आणि गाडीवान चौकटीबाहेर असतो.

बंदुकीवाचून हरीण धरणारेही याच माळावर होते. फासेपारध्यांचे नावच फासावरून पडले. हरणाची वाट, त्याची चरण्याची वेळ, वाऱ्याची दिशा यांचे त्यांचे ज्ञान कोणत्याही साहेबापेक्षा खोल, आणि अंतराचा प्रश्न त्यांनी उलटा सोडवला होता : आपण हरणाकडे जायचे नाही, हरणाने आपल्या पायांनी फासात यायचे. सरकारने या ज्ञानाचा मोबदला गुन्हेगार जमातींच्या कायद्याने दिला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेला, कलंक मात्र लवकर गेला नाही. शंभर काळविटे मारणारा अधिकारी शिकारकथा लिहून नाव मिळवी आणि पोटासाठी एक हरीण धरणारा पारधी हजेरीला पोलीस ठाण्यात उभा राही, ही त्या काळाची रीत होती.

छर्ऱ्यांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण माळावरच्या हरणांचे सर्वाधिक हाल त्यांनीच केले. ‘एल.जी.’ आणि ‘एस.जी.’ या नावांची काडतुसे गावोगावच्या परवानेदारांना पाठ असत. एकेका काडतुसात वाटाण्याएवढे सहा-आठ मोठे छर्रे. वीस-पंचवीस पावलांवर ते एकत्र बसतात आणि जनावर पडते. पन्नास पावलांवर ते हातभर पसरतात. एखादा पोटात, एखादा मांडीत. आवाज होतो, हरीण दचकते, पळते. शिकारी म्हणतो, चुकले. ते चुकलेले नसते. दोन दिवसांनी गिधाडे जमतात तेव्हा कळते. जाणते शिकारी हरणावर छर्रे झाडण्याला हलकेपणा मानत, यामागे विलायती शिष्टाचार जितका होता तितकाच हा अनुभवही होता. एकेरी गोळीने फार तर नेम चुके; छर्ऱ्यांनी नेम साधूनही जनावर हातचे जाई.

दरम्यान खुद्द माळच बदलत होता. १८७६-७७ च्या दुष्काळात हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला. बारामती-इंदापूरच्या दक्षिणेकडच्या काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना आला. नंतर सहकारी कारखाने. पाणी जेथे चढले नाही तो खडकाळ, मुरमाड भाग तेवढा गवताचा राहिला. महसुली दप्तरात त्याचे नाव ‘पडीक’. ज्या जमिनीवर चिंकारा, लांडगा, खोकड आणि धनगराच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या जगल्या, तिला पडीक म्हणणे हा दप्तराचा अन्यायच होता. तिच्या कडेला आता हरभरा, ज्वारी, भुईमूग आला, आणि हरीण शेतात उतरू लागले. रात्रभर मचाणावर जागणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार खोटी नव्हती. कोवळा हरभरा एका कळपाने एका रात्रीत खुडला तर वर्षाची डाळ जाते.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात या शेतकऱ्याची नोंद आहे. परवाना कोणाला द्यावा हे सांगताना तेराव्या कलमात दोन शस्त्रे वेगळी काढली आहेत : संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या छंदासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. अणुभट्ट्यांच्या युगात संसदेने केलेल्या कायद्यात ठासणीची बंदूक! पण त्यामागे विचार होता. ठासणीची बंदूक एकदाच उडते, पुन्हा भरायला वेळ लागतो, लांब जात नाही. पाखरे उठवायला, डुकराला हुसकायला पुरेशी. दरोड्याला किंवा बंडाला फारशी उपयोगाची नाही. १८७८ च्या साहेबाची भीती आणि १९५९ च्या प्रजासत्ताकाची सावधगिरी यांत अंतर आहे, तरी दोघांनी गावाच्या हाती दिलेली नळी गुळगुळीतच राहिली.

पन्नास पावलांचा तोल मोडला तो जीपने. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या जीप मुलुखभर पसरल्या. बैलगाडी ज्या माळावर तास घेई तेथे जीप मिनिटांत पोहोचे, आणि रात्री दिव्याच्या झोतात हरीण डोळे चमकवीत जागीच उभे राही. आता चोक कोणता, दर्शक कसा, गोळी किती वजनाची, या प्रश्नांना अर्थच उरला नाही. वीस पावलांवरून कोणतीही बंदूक चालते. अशा शिकारीच्या क्रौर्याचे सर्वांत ठळक उदाहरण या माळापासून दूरचे आहे : १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने रात्री मोटारीच्या दिव्यात तीन चित्ते मारले, आणि तेच भारतातील अखेरचे नोंदलेले चित्ते मानले जातात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या काळी काळविटांवर सोडण्यासाठी चित्ते पाळले जात. हिंदी चित्ते दुर्मिळ झाल्याने ते आफ्रिकेतूनही आणले गेले. काळविटाच्या मागे लागण्यासाठी निसर्गाने घडवलेला प्राणी नाहीसा झाला आणि त्याची जागा चार चाकांनी घेतली.

१९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशु-पक्ष्यांच्या संरक्षणाचा आपला कायदा केला. १९७२ साली केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि त्यातले सतरावे कलम बंदुकीच्या इतिहासासाठी वाचण्यासारखे आहे. हे कलम शिकार बंद करत नव्हते, ती कशी करावी हे सांगत होते. वाहनातून शिकार नको. कृत्रिम उजेडात नको. सूर्यास्तानंतर नको. पाणवठ्यावर नको. आणि मोठ्या शिकारीचे जनावर रायफलीनेच मारावे. परवान्यात खास मुभा असेल तरच छर्ऱ्यांच्या बंदुकीने. जखमी होऊन पळणाऱ्या हरणांची शंभर वर्षांची कहाणी या एका वाक्यामागे उभी आहे. गंमत अशी की शस्त्र कायदा सामान्य नागरिकासाठी गुळगुळीत नळी पुढे करत होता आणि वन्यजीव कायदा रायफल मागत होता. दोन्ही अटी पाळून मोठी शिकार करू शकणारा माणूस म्हणजे आधीच रायफल बाळगणारा, अर्थात सधन. १९९१ च्या दुरुस्तीने सतरावे कलमच वगळले, कारण शिकारीचे परवानेच गेले.

याच काळात अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात नेमका उलटा नियम होता. ओहायो, इलिनॉय, आयोवा अशा सपाट, दाट वस्तीच्या राज्यांत हरणाच्या शिकारीला बराच काळ रायफल वर्ज्य होती. एकेरी गोळीची छर्ऱ्यांची बंदूकच हवी, कारण तिची गोळी शेजारच्या शेतघरापर्यंत जात नाही. तेथे या सक्तीतून एक नवीच बंदूक घडली : संपूर्ण नळीत आटे, नळीवरच बसवलेली दुर्बीण, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली टोकदार गोळी. पन्नास पावलांची बंदूक दीडशेवर गेली. तेथे पांढऱ्या शेपटीची हरणे अफाट वाढली होती आणि नियम शेजाऱ्याच्या जिवासाठी होता. येथे हरीणच संपत चालले होते, म्हणून नियम हरणासाठी झाला. सपाट जमिनीवर गोळी कोठवर जाते हाच प्रश्न दोन्ही कायद्यांच्या मुळाशी होता.

आज चिंकारा आणि काळवीट दोघेही कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. भीमेपलीकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचे गवताळ रान चिंकाऱ्यांसाठी ओळखले जाते. आता हरणाला भीती आहे ती मोकाट कुत्र्यांच्या टोळ्यांची, रस्त्यावरच्या वेगाची आणि ‘पडीक’ जमिनीवर नव्याने उठणाऱ्या कुंपणांची.

आणि बंदूक? वन्यजीव कायद्याचे चौतिसावे कलम सांगते की अभयारण्यात किंवा त्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानेदाराने वनखात्याकडे आपली नोंद करावी, आणि त्या पट्ट्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून नवा परवाना देऊ नये. मयूरेश्वरचे क्षेत्र पाच चौरस किलोमीटर. पण दहा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ तीनशे चौरस किलोमीटरांहून मोठे भरते. सुपे आणि आसपासची गावे त्यात येतात. या वर्तुळातली एखादी जुनी बाराबोर, उजवी नळी सरळ आणि डावी आवळलेली, आता वर्षानुवर्षे कपाटात असते. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात जमा होते, आणि निकालानंतर पावती दाखवून परत घरी येते.